फताडीचं डावं पाऊल

गोदाबाई गेल्या दिवाळीनंतर वारली. मेलेल्या माणसावर कोणतंच कलम चालत नाही, म्हणून आता हे लिहायला घेतलं. तिचा भाऊ नत्थुजी तिच्या आधीच, २००९ साली गेला. उरलो मी, इनायतुल्ला, जंगल खात्यातला निवृत्त कारकून, मुक्काम अकोट. माझ्यावर एखादं कलम लागत असेल तर खुशाल लावावं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे लिहिले, आपल्या फायलीवर एखादा पडला तर मी काही रडत बसणार नाही.

नत्थुजी आमच्या रेंजमधला वनमजूर. अकोटहून उत्तरेला निघालं की तासाभरात सातपुड्याचा पायथा लागतो, तिथल्या सालईखेडचा. बुटका, पायांत किंचित बाक आणि मान कायम खाली. नव्या माणसाला वाटायचं, बिचारा लाजाळू आहे. लाजाळू कसला, तो जमीन वाचत असायचा. शाळेत दुसरीच्या पुढे गेला नव्हता. पगाराच्या कागदावर सही करताना 'त्थु' काढायला त्याला अर्धा मिनिट लागायचा. पण मातीवर उठलेलं काहीही त्याला एका नजरेत वाचता येत असे.

एका जुम्म्याला मशिदीबाहेरून माझी चप्पल गेली. नवी नव्हती, पण पायाला बसलेली होती. मी अनवाणी घरी आलो आणि आमच्या हाजराबीनं माझ्या वेंधळेपणाचा पाढा वाचायला घेतला. नत्थुजी त्या दिवशी अकोटात आला होता, आमच्याकडेच चहा पीत बसला होता. कप खाली ठेवून म्हणाला, "चाला बाबू, पाहू." मशिदीपासून बाजाराच्या वाटेनं तो खाली बघत चालला, मी मागे. धुळीत शेकडो माणसांची पावलं, त्यावरून कापसाच्या गाड्या गेलेल्या. जिनिंगच्या फाटकाजवळ एका टपरीपाशी तो थांबला आणि बाकावर बसलेल्या एका गृहस्थाच्या पायाकडे त्यानं बोट दाखवलं. "हे तुमचीच ना?" माझीच होती. परत येताना म्हणाला, "तुमची डावी टाच बाहेरून झिजली हाये. अन् त्याच्या पायाले चप्पल मोठी होत होती, म्हणून फरफटत गेला तो."

खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा. मॅट्रिकला तालुक्यात दुसरा आलेला मी, साहेब लोक आले की फायली छातीशी धरून उभा. नत्थुजीला मात्र खुर्ची. "बसा नत्थुजी, काय म्हणतं जंगल?" असं साहेब विचारणार, आणि हा खुर्चीच्या टोकावर टेकून दोन वाक्यं बोलणार. त्या दोन वाक्यांची मी दोन पानं करायची, सही साहेबांची. मी हसून साजरं करायचो. घरी हाजराबीला मात्र कळायचं, कारण त्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे असं मी हमखास म्हणायचो.

वाघ मोजायची तेव्हाची रीत पावलांची होती. मोजणीच्या आधी जंगलातल्या रस्त्यांवर जागोजागी बारीक माती चाळून पट्टे करून ठेवायचे. सकाळी फिरून पाहायचं, कुठे पाऊल उठलंय का. उठलं असेल तर त्यावर काच ठेवायची, काचेवर पेनानं पावलाची कड गिरवायची आणि ती कागदावर उतरवून घ्यायची. पाऊल फारच सुरेख असलं तर त्यात प्लॅस्टर ओतून ठसा काढायचा. पाय मागचा डावाच धरायचा, म्हणजे एकाच वाघाचे चार पाय चार वाघ होऊन बसत नाहीत. नराचं पाऊल चौकोनात बसतं, मादीचं लांबट असतं. हे सगळे कागद माझ्या टेबलावर यायचे आणि त्यावरून आकडा वर जायचा.

रीत काही निर्दोष नव्हती. ओल्या काळ्या मातीत उठलेलं पाऊल वाळताना पसरतं, आणि दोन दिवसांनी बिबटाचं पाऊल वाघिणीचं दिसायला लागतं. नाल्याच्या रेतीत कड ढासळते. नवखे गार्ड एका वाघाचे तीन करून आणायचे. नत्थुजी कागद चाळायचा आणि म्हणायचा, "हे तिन्ही एकच हाये, बाबू. दोन फाडा." मी फाडायचो. म्हणून शेजारच्या रेंजांचे आकडे दरसाल फुगायचे आणि आमचा पाचावर धारण बसल्यासारखा पाचावरच. साहेबांना ते आवडायचं नाही, पण नत्थुजीपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्या पाचांतली एक फताडी. १९९७ साली तिचं पाऊल पहिल्यांदा कागदावर आलं. मागच्या डाव्या पायाचं बाहेरचं बोट वाकडं, बाकीच्यांपासून फटकून राहिलेलं. नाव नत्थुजीनंच ठेवलं. बाकीच्या चौघांना तो नुसतं 'नाल्यावरचा नर', 'डोंगरावरची' असं म्हणायचा, हिचं मात्र नाव घ्यायचा. ती त्याला एकदाही दिसली नव्हती. तरी ती कुठे बसली, कुठे पाणी प्याली, पिल्लं घेऊन कोणत्या घळीत गेली, हे तो घरच्या माणसाचं सांगावं तसं सांगायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याचा जीव दोन ठिकाणी होता, एक ही वाघीण आणि दुसरी त्याची धाकटी बहीण गोदाबाई.

गोदाबाईचं वावर जंगलाला लागून. नवरा विहिरीत इंजिन दुरुस्त करायला उतरला आणि धुरात गुदमरून तिथेच राहिला. दोन पोरी होत्या. ही बाई एकटी तीन एकर करायची आणि तोंडानं फटकळ होती. रानडुकरं एका रात्रीत हरभरा असा लोळवून जायची की सकाळी वाटावं वावरात कुस्त्या झाल्या. अर्ज केले तर पंचनामा करायला महिन्यानं माणूस यायचा. हे मी सांगतो, कारण ते अर्ज माझ्याच टेबलावर पडून असायचे.

ती वर्षंच वऱ्हाडात मोजणीची होती. मेलेल्या शेतकऱ्यांची मोजणी करायला जीपा यायच्या, आणि तहसिलात बसून ठरायचं की अमका मेला तो पात्र की अपात्र. टीव्हीवाले विधवांना पुन्हा पुन्हा दारात उभं करायचे. माणसं मोजून झाली की त्याच रस्त्यानं वाघ मोजणाऱ्यांच्या जीपा पुढे डोंगरात जायच्या. जिवंत होतं तेव्हा कुणी विचारलं नाही, माणसालाही नाही आणि जनावरालाही नाही. असो. मला राग आला की मी भरकटतो.

२००५ च्या उन्हाळ्यातली मोजणी झाली. मी कागद लावत बसलो होतो. फताडीचा त्या वर्षीचा कागद आणि आदल्या वर्षीचा, दोन्ही हातात आले. सहज खिडकीच्या उजेडाकडे धरून एकावर एक ठेवले. रेघेवर रेघ बसली. केसाचाही फरक नाही. जिवंत जनावराचं पाऊल दोनदा सारखं उठत नाही, हे मला नत्थुजीनंच शिकवलं होतं. मी उठून ठशांचं कपाट उघडलं. फताडीचा २००१ सालचा प्लॅस्टरचा ठसा बाकीच्यांसारखा कळकट नव्हता. पुसलेला होता. बोटांच्या खाचांत सडकेची बारीक धूळ बसली होती.

ज्यांनी ठसा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऊल म्हणजे मातीतला खड्डा. त्यात प्लॅस्टर ओतलं की निघतो तो उलटा, म्हणजे वाघिणीचा तळवाच जणू. तो धुळीत दाबला की पुन्हा पाऊल उठतं.

जेवणाच्या सुट्टीत मी नत्थुजीला रेकॉर्डच्या खोलीत बोलावलं. दोन्ही कागद आणि ठसा समोर ठेवला. त्यानं पाहिलं आणि भाकरीचं फडकं न सोडताच खाली बसला.

"कवापासून?" मी विचारलं.

"दोन सालं झाले."

मग त्यानं सांगितलं. २००४ च्या जानेवारीत एके दिवशी पहाटेच गोदाबाई सहा किलोमीटर चालत त्याच्या क्वार्टरवर आली. म्हणाली, "दादा, वावरात चाल." त्यानं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "डुकराले तार लावली होती. डुक्कर नाई लागलं."

विजेच्या खांबावर आकडा टाकून तिनं वावराभोवती उघडी तार फिरवली होती. त्या दिवसांत भारनियमनामुळे शेतीची लाईन अपरात्रीच यायची. लाईन आली आणि तारेत फताडी सापडली. नत्थुजी पोचला तेव्हा हरभऱ्यात ती आडवी पडली होती. भाऊबहिणीनं मिळून दिवस वर येईपर्यंत खड्डा खणला, मीठ टाकलं, माती लोटली आणि वरून वखर फिरवला.

"मंग म्या तिचा पाय हातात घेतला, बाबू," नत्थुजी म्हणाला. "सात सालं पाऊल पाह्यलं होतं. पाय तवाच पाह्यला."

मी ठसा उचलून बाजूला ठेवला. मग म्हटलं, "पण नत्थुजी, हे सोंग कावून? वाघीण निघून गेली, दिसत नाही, असं म्हणायचं होतं."

"मादी जागा सोडत नाई. साहेब शोधाले लावतीन." तो माझ्याकडे बघत होता, ही त्याची सवय नव्हती. "अन् शोधाले मलेच लावतीन. मी शोधाले निंघालो तं गोदीच्या वावरातच जाऊन उभा राहीन. मले दुसरीकडे जाताच येनार नाई."

वाघ मारल्याला सात वर्षांची कैद, आणि गोदाबाईच्या पोरी तेव्हा बारा आणि नऊ वर्षांच्या. मी कागद जागच्या जागी लावले, ठशावरची धूळ ब्रशनं काढली आणि आकडा वर पाठवला. पाच. खोट्या कागदावर माझ्या हातची ही पहिलीच तारीख नव्हती.

त्याच वर्षी राजस्थानातल्या एका जंगलाचा बोभाटा झाला. कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता. दिल्लीपासून सगळे खडबडून जागे झाले. पावलांची रीत विश्वासाची नाही, मोजणीच्या रीतीच तपासून पाहा, असं ठरलं. त्या कामावर आमच्याकडे आली पौर्णिमा. मूळची अमरावतीची, बाहेर शिकून आलेली, तिशीच्या आतली पोरगी. उन्हात रापलेली आणि कुणाला न घाबरणारी.

तिनं तीन रीती एकदम लावल्या. पावलांची जुनी होतीच. दुसरी गावागावांत जाऊन माणसांना विचारायची. त्याचे छापील फॉर्म वरून आले होते आणि भरून घ्यायला पुण्याकडची दोन शिकलेली पोरं होती. प्रश्न होता, 'गेल्या वर्षभरात आपणांस मोठे जनावर दिसले काय?' आमच्याकडे संध्याकाळी सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. तेव्हा सालईखेडात घरटी एक मोठं जनावर निघालं. भागीरथा म्हातारीनं तर सांगितलं की चुलीमागून निघालं आणि तिनं चिमट्यानं धरून बाहेर टाकलं. पोरांनी तेही लिहून घेतलं. पौर्णिमानं फॉर्म वाचले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तो सगळा गठ्ठा तिनं बाद केला.

तिसरी रीत कॅमेऱ्यांची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना समोरासमोर कॅमेरे बांधायचे, मधून काही गेलं की आपोआप फोटो. पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे, एका कुशीचे दुसऱ्या कुशीशी जुळत नाहीत, म्हणून कॅमेरे दोन. कॅमेरे बांधायला तिनं नत्थुजीलाच नेलं. कुठे बांधायचे ते त्यानं दाखवलं आणि एकही कॅमेरा रिकामा गेला नाही. ती त्याला काका म्हणायची. तिचा त्याच्यावर फार लोभ बसला होता, आणि त्याचाही तिच्यावर.

दोन महिन्यांनी फोटो जुळवून झाले. शेजारच्या रेंजमध्ये कागदावर अकरा वाघ होते, कॅमेऱ्यात निघाले चार. आमच्याकडे कागदावर पाच, कॅमेऱ्यात चार. पौर्णिमा माझ्या टेबलाशी येऊन बसली. म्हणाली, "बाबूजी, एवढा जवळचा आकडा कुठेच नाही. काकांचा नर, डोंगरावरची, सगळे जिथे म्हणाले तिथेच निघाले. फक्त ही फताडी एकदाही नाही. गेल्या मे महिन्यात तिचं पाऊल आहे. मग गेली कुठे?"

मी म्हटलं, "कागद आहे खरा."

"दोनच गोष्टी होऊ शकतात," ती म्हणाली. "एक तर ती मारली गेली. नाही तर ती नव्हतीच, दुसरीच कुणाची पावलं काकांना तिची वाटत राहिली. काकांना पावलं खरोखर ओळखता येतात का, ते आधी पाहायला हवं. येत असतील तर मला शिकारीची चौकशी मागावी लागेल."

परीक्षेची तिची रीत सरळ होती. प्राणिसंग्रहालयातल्या सहा वाघांचे चोवीस ठसे, कुठला कुणाचा हे फक्त तिला माहीत. काही रेतीतले, काही धुळीतले, काही काळ्या मातीतले. नत्थुजीनं त्यांचे ढीग करायचे, एका वाघाचा एक.

आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. आमच्या ओट्यावर बसून त्यानं विचारलं, "बाबू, म्या बरोबर सांगतलं तं काय होईन?"

मी त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं. बरोबर सांगितलं तर फताडी होती असं ठरेल, आणि मग ती कुठे आहे ते शोधायला माणसं येतील. चूक सांगितलं तर ती कधी नव्हतीच.

"अन् माहे आधीचे कागद? सत्तावीस सालाचे?"

"ते सगळे रद्दी."

तो बराच वेळ ओट्याखालच्या मातीकडे बघत बसला. मग उठला आणि एस.टी. गाठायला गेला. हाजराबीनं आतून विचारलं, "नत्थूभाई चाय पिए बगैरच गए क्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजच्या व्हरांड्यात ताडपत्रीवर ठसे मांडले. साहेब होते, पौर्णिमा होती, लिहायला मी. रेंजमधले सगळे वनमजूर अंगणात उभे, धर्मपाल सगळ्यांत पुढे. धर्मपाल नत्थुजीचा चेला. आठ वर्षं त्याच्या मागं फिरून माग काढायला शिकलेला, आणि आपला उस्ताद आज या पुस्तकवाल्यांना काय ते दाखवणार, म्हणून चेहरा फुललेला.

नत्थुजी उकिडवा बसला. पहिला ठसा उचलला, उजेडाकडे फिरवला, डावीकडे ठेवला. दुसरा लांबचा उचलून त्याच्याशेजारी ठेवला. तिसरा, चौथा. एक रेतीतला, एक धुळीतला, दोन काळ्या मातीतले. त्याचे हात त्याला विचारतच नव्हते. मी पौर्णिमाच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं चटकन वहीकडे पाहिलं आणि तिच्या ओठांवर हसू आलं. चारही बरोबर होते.

त्यानंही तिचं हसू पाहिलं. पाचवा ठसा हातात तसाच राहिला. मग त्यानं तो नराचा चौकोनी ठसा मादीच्या ढिगात ठेवला. पुढचा आणखी कुठे. मग तो भराभर ठेवत गेला, न बघता, घाई झालेल्या माणसानं कांदे निवडावेत तसा. पौर्णिमा हळूच म्हणाली, "काका, सावकाश. घाई नाही." तो म्हणाला, "झालं, ताई." सहा वाघांचे त्यानं अकरा केले होते.

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. वाघ मेला असता तर चौकशी त्यांचीही होती, वाघ नव्हताच म्हटलं की दोष रीतीचा. "बघा," ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं हे असंच चाललं होतं." अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. धर्मपाल हसला नाही. तो वळला आणि फाटकातून निघून गेला. संध्याकाळपर्यंत तो कुणाला दिसला नाही.

नत्थुजी उठला, गुडघे झाडले. मला त्या क्षणी त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं होतं. पण मी निकाल लिहीत होतो, आणि निकाल सुवाच्य अक्षरात लिहिणं हे माझं काम होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पौर्णिमा काही बुद्दू नव्हती. बाकीचे गेल्यावर ती माझ्या खोलीत आली. दार उघडंच होतं. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बाबूजी, पहिले चार बघा. रेती, धूळ, काळी माती, सगळं वेगळं असून एकाच वाघाचे चारही काढले. योगायोगानं असं होत नाही. नंतर ते मुद्दाम चुकले. तुम्ही त्यांना वीस वर्षं ओळखता. खरं सांगा, काकांना येतं की नाही?"

एका शब्दाचं काम होतं. येतं, एवढं म्हटलं असतं तर त्याची सत्तावीस वर्षं त्याला परत मिळाली असती आणि गोदाबाईच्या वावरात कुदळी पडल्या असत्या. मी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि हसलो.

"ताई, तुम्ही चांगल्या मनाच्या आहात म्हणून तुम्हाला तसं दिसतं. आंधळ्यानं दगड मारला, लागला. चार लागले. पुढचे वीस तुम्हीच पाहिले. नत्थुजी अडाणी माणूस. दोन शब्द बोलतो आणि गप्प बसतो, म्हणून साहेबांना वाटतं फार मोठं ज्ञान आहे. वीस वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याला उगाच डोक्यावर चढवून ठेवलं. कागद मी सांभाळले, आकडे मी जुळवले आणि खुर्ची त्याला मिळाली."

बहुधा शेवटच्या वाक्यानं तिची खात्री पटली, कारण ते बोलताना माझा आवाज चढला होता. तिनं वही मिटली. म्हणाली, "मला वाईट वाटतं, बाबूजी." आणि गेली. तिच्या अहवालात पुढे आलं की अत्यंत अनुभवी कर्मचाऱ्यालाही पावलांवरून वाघ वेगळे ओळखता येत नाहीत आणि आमच्या रेंजमधली पाचवी वाघीण ही मोजणीतली चूक असावी. चौकशी झाली नाही. गोदाबाईच्या दोन्ही पोरींची लग्नं पुढे तिच्याच हातून झाली.

पौर्णिमा गेल्यावर मी दारात आलो. दाराला लागून भिंतीशी नत्थुजी बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी काहीतरी बोलणार होतो, त्यानं हातानं थांबवलं.

"बरं केलं, बाबू. गोदी वाचली," तो म्हणाला. उठून उभा राहिला आणि माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, जमिनीकडे पाहायचा तसं. "खोटं चांगलं बोलले तुमी. फक्त ते खुर्चीचं खोटं नव्हतं."

तो पुढे तीन वर्षं जगला. कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या वाहायचं काम त्याला दिलं होतं, ते त्यानं केलं. भेटला की रामराम करायचा, मी काही विचारलं तर उत्तर द्यायचा. अकोटला बाजाराला येत असे, पण आमच्या ओट्यावर तो पुन्हा कधी बसला नाही.